भागूबाईचं नेमणूकपत्र

खोपोली,
२८ मार्च २०२६

प्रिय फुफी,

सलाम. ईदला आले तेव्हा शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन मी तुझ्या मसाला कुटायच्या डंकावर एक चक्कर मारली, आणि तू म्हणालीस, "पाहुणी म्हणून आलीस का इन्स्पेक्टर म्हणून?" खरं सांगू? दोन्ही म्हणून. सवय जात नाही गं. दिवसभर खालापूर तालुक्यातल्या कारखान्यांचे कामगार कायद्याचे कागद नीट लावून देते आणि माझ्याच सख्ख्या फुफीच्या डंकावर कायद्याचा म्हणून एक कागद नाही. आमच्या ऑफिसात कळलं तर माझी पार खिल्ली उडेल.

फोनवर तुला माझं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू तुझ्या मनानं भरतेस, म्हणून हे पत्र. गजाभाऊचा टेंपो तुझा मसाला घेऊन इथल्या दुकानात येतोच. रिकामा परत जाताना हे नेईल.

तर ऐक. डंकाच्या पट्ट्याला जाळी हवी. मिरची कुटणाऱ्या बायकांच्या तोंडाला मास्क आणि कानात बोळे हवेत. तुझे स्वतःचे कान त्या धडधडीनं गेले, आता तुझ्या त्या कामवाल्या कोंडीचे आणि बाकीच्यांचेही घालवायचे का? आठवड्याची एक सुट्टी द्यायची. आणि मुख्य म्हणजे, नव्या कायद्याप्रमाणे प्रत्येकीला नेमणुकीचं पत्र द्यायचं. कळंबच्या त्या रिसॉर्टला तुझा मसाला हवाय ना? ते लोक हे सगळं विचारणार, बघ.

सुरुवात भागूबाईपासून कर. बाकीच्या हंगामापुरत्या येतात, ती बारमाही आहे. सोबत मजकूर पाठवते आहे. तिचं पूर्ण नाव, पत्ता, कधीपासून कामाला आहे आणि काम काय, एवढं भरून पाठव. बाकी मी टाइप करते.

तुझी,
अल्मास

*

भिसेगाव, कर्जत,
१ एप्रिल २०२६

अल्मासबाय,

अनेक दुआ. पत्र पोचलं. गजानं ते मिरचीच्या पोत्यावर ठेवून आणलं, त्यामुळे उघडल्याबरोबर तीन शिंका आल्या. तुझा सगळा कायदा मी शिंकत वाचला.

जाळी बसवते. वेल्डरला सांगितलंय. मास्क आणले. कानातले बोळेही आणले. कोंडीनं घालून बघितले आणि म्हणाली, "भाभी, हे घरी नेऊ का? आमचं मानूस बोलाया लागलं की घालीन." दिवसभर बायका हसत होत्या. हसू देत, घालतायत तेवढं पुरे.

पण भागूला पत्र? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? उद्या म्हणशील, तुझ्या अब्बालाही माझा भाऊ असल्याचं पत्र दे. तुझे फुफा गेले तेव्हा तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. विधवेनं पाळायच्या इद्दतीचे चार महिने आणि वरचे दिवस मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. लोक म्हणाले, डंक विकून टाक. भागू तेव्हा नवीनच कामाला लागली होती. ती म्हणाली, "भाभी, तुमी बसा. मी हाय." सगळा डंक तिनं चालवला. रोज संध्याकाळी कुलूप लावून किल्ली खिडकीच्या गजातून माझ्या हातात द्यायची आणि आज काय काय झालं ते तिथंच उभ्या उभ्या सांगायची. इद्दत संपल्यावर मी दुसरी किल्ली करून तिला दिली. ती आजतागायत तिच्या कमरेला आहे. धणे, खोबरं, दगडफूल सगळं तीच भाजते. सुट्टी तिनं कधी मागितली नाही आणि मी कधी दिली नाही. घरच्या माणसाला कुणी सुट्टी देतं का?

घरचं माणूस आहे ते. त्याला कागद कसला द्यायचा? पण तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे, तू तुझ्या बापावर गेलीस. तर लिही. नाव भागूबाई. गाव कडाव. काम, सगळंच. बाकी तुझ्या मनानं भर.

तुझी फुफी,
शरीफा

*

खोपोली,
४ एप्रिल २०२६

प्रिय फुफी,

आडनाव? कडावात कुठे? कडाव काही एका घराचं गाव नाही. घरात किती माणसं आहेत, नवऱ्याचं नाव काय? आणि "काम, सगळंच" असं मी कुठल्या रकान्यात लिहू?

चिडू नकोस. तुझं पत्र वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं. पण फुफी, घरचं माणूस म्हटलं की हक्काची सुट्टी नाही, आजारपणाची रजा नाही, आणि ती तुझ्याकडे काम करते हे उद्या कुणाला दाखवायची वेळ आली तर तिच्या हातात दाखवायला काही नाही. तिनं तुझी किल्ली सांभाळली. तू तिच्यासाठी एक कागद करायला का कचरतेस?

पत्र तयार करून सोबत पाठवते आहे. भाषा सोपी ठेवली आहे. आडनावाची आणि पत्त्याची जागा रिकामी आहे, ती तिला विचारून भर. साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची धरली आहे, नाहीतरी जुम्म्याला तू दुपारी डंक बंदच ठेवतेस. आणि एक कर. नुसतं हातात देऊ नकोस. डंक बंद करून, शेजारी बसून, तिला वाचून दाखव.

तुझी,
अल्मास

*

भिसेगाव,
११ एप्रिल २०२६

अल्मास,

दुआ. दिलं गं तुझं पत्र. पाकिटात घालून, वर नाव लिहून, व्यवस्थित दिलं. गिऱ्हाइकांची रांग होती, मिरच्या घेऊन बायका पहाटेपासून बसलेल्या, त्यामुळे डंक बंद करता आला नाही. पण सांगितलं तिला. भागू, हे ठेव आणि उद्यापासून शुक्रवारी येऊ नकोस. ती बरं म्हणाली.

जाळी बसली. छान झाली आहे. कोंडीची ओढणी आता पट्ट्यात जाण्याची भीती नाही. तुझ्या अम्मीची गुडघेदुखी कशी आहे? तिला म्हणावं हळद-दूध घेत जा. आंबे यंदा उशिरा येणार असं दिसतंय.

कागदाची सही केलेली प्रत नंतर पाठवते. घाई आहे, हंगाम आहे.

शरीफा

*

खोपोली,
१८ एप्रिल २०२६

प्रिय फुफी,

शाब्बास! ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलं की आमच्या फुफीनं डंकाला जाळी लावली, पत्र दिलं, सुट्टी दिली. साहेब म्हणाले, मोठमोठे कारखानदार आम्हाला महिना महिना फिरवतात आणि तुमच्या फुफीनं दोन आठवड्यांत केलं. मी कॉलर ताठ करून फिरते आहे.

बाकीच्या बायकांची पत्रं सोबत आहेत. भागूबाईची सही असलेली प्रत मात्र अजून आली नाही.

एक विचारू? काल गजाभाऊ मसाला उतरवताना म्हणाला, "ह्या टायमाला माल काळपट आलाय. दुकानवाला कुरकुर करतोय." मी पुडी फोडून बघितली. खोबरं करपलेलं आहे, फुफी. तुझ्या डंकावरचं खोबरं कधी करपत नाही. भागूबाई बरी आहे ना? मागच्या पत्रात तू आंब्यांचं लिहिलंस, अम्मीच्या गुडघ्यांचं लिहिलंस, आणि तिच्याबद्दल दोन ओळी. काय झालंय?

तुझी,
अल्मास

*

भिसेगाव,
२० एप्रिल २०२६

अल्मास,

भागू येत नाही.

पत्र दिलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून येत नाही. मी म्हटलं, शुक्रवार आहे, सुट्टी घेतली, बरं केलं. शनिवारी वाट बघितली. रविवारी म्हटलं लग्नाला वगैरे गेली असेल. मागचं पत्र तुला लिहिलं तेव्हा शनिवारची दुपार होती आणि माझं अर्धं लक्ष दारात होतं. तुला काय कळवणार?

मंगळवारी कोंडीला कडावला पाठवलं. ती परत आली ती किल्ली घेऊन. माझी किल्ली, अल्मास. इतकी वर्षं तिच्या कमरेला होती ती. भागूनं कोंडीच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "भाभींना सांग, त्यांची वस्तू त्यांना पोचती केली." कोंडीनं विचारलं, का गं बाई, काय झालं? तर म्हणाली, "असं पाकीट आमच्या घरात एकदा आलं व्हतं. आमाला ठाऊक हाय त्यात काय असतंय." तिच्या नवऱ्याला कंपनीनं काढलं तेव्हा असंच पाकीट दिलं होतं म्हणे. हे मला कोंडीकडून कळतं आहे.

तुझ्या कायद्यानं माझं माणूस नेलं. बरी होते मी कागदाशिवाय. आता कागद आहे, जाळी आहे, कानात बोळे आहेत, आणि खोबरं मी भाजते आहे आणि ते करपतं आहे. दुपारचा डबा एकटीनं खायचा म्हणजे अर्धा तसाच परत जातो. तिला माझ्याबद्दल असं वाटलंच कसं? मी तिला काढीन? मी? एकदा येऊन विचारायचं तरी होतं. मला तिचा राग आलाय आणि त्याहून जास्त रडू येतंय.

तू म्हणशील, जा आणि सांग तिला. कशी जाऊ? मला तिचं घर माहीत नाही.

शरीफा

*

खोपोली,
२१ एप्रिल २०२६

फुफी,

गजाभाऊला थांबवून घेतलंय, तो खाली हॉर्न वाजवतो आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

मला माफ कर. पत्ता म्हणून तू नुसतं कडाव लिहिलंस तेव्हाच मी समजायला हवं होतं. मी त्यावर विनोद केला.

पण पत्र देणं चुकीचं नव्हतं. ते पाकिटात घालून, डंक धडधडत असताना, रांगेच्या गडबडीत देणं चुकलं. येऊ नकोस एवढंच तिला ऐकू गेलं असणार. तुझ्यासारखेच तिचेही कान त्या आवाजात गेले आहेत.

आता कोंडीला पाठवू नकोस. गजालाही नको. तू जा. मी रजा काढून तुझ्याबरोबर आले असते, पण येणार नाही. ती तुझी आहे, माझी नाही. शुक्रवारी डंक बंद असेल तेव्हा जा, आणि आधी काही समजावत बसू नकोस. फक्त ते पत्र वाचून दाखव.

अल्मास

*

भिसेगाव,
२५ एप्रिल २०२६

अल्मासबाय,

अनेक दुआ. काल गेले होते.

जुम्म्यानंतर गजानं मला कडावला सोडलं. गावात शिरल्यावर दोघांना विचारलं, भागूबाईचं घर कुठे? ते म्हणाले, कंची भागूबाई? चार हायत. मी म्हटलं, मसाल्याच्या डंकावर जाते ती. "अस्सं म्हना की, येसाजी भोईराची!" असं तिचं आडनाव मला रस्त्यात कळलं. भोईर. पत्रात भर.

घर मागच्या आळीला आहे, अंगण सारवलेलं, दारात शेवगा. येसाजी खाटेवर बसले होते. मला बघून उठले आणि आत हाक दिली, "अगं, मालकीन आल्यात." मालकीण म्हणे! भागू बाहेर आली. बारीक वाटली मला. ती म्हणाली, "भाभी, तुमी कशाला आलाव एवढ्या उनाचं?" तू सांगितलं होतंस तसंच केलं. फक्त म्हटलं, ते पाकीट आण.

तिनं आणलं. अल्मास, ते उघडलेलंच नव्हतं. देवाच्या फळीवर ठेवलेलं होतं, जसंच्या तसं. सोनाली, तिची सून, म्हणाली, "मी वाचते म्हनले, पन कोनी उघडूच देईना." येसाजी म्हणाले, "माजं बी असंच पाकीट व्हतं. पगार वाढला म्हून मी गावभर पेढं वाटलं. मंग वाचून घेतलं. तवापासनं ह्या घरात कंपनीचं पाकीट उघडत नाय." आणि हसले बिचारे. मला हसता आलं नाही.

मी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. येसाजी, सोनाली, शेजारची एक म्हातारी, सगळे ऐकत होते. भागू कान पुढे करून माझ्या तोंडाकडे बघत होती. सुट्टीचं वाचलं तेव्हा म्हणाली, "तेवढं परत वाचा." मी परत वाचलं. "म्हंजे निस्ता शुक्रवार?" मी म्हटलं, अगं हो, निस्ता शुक्रवार! मग शनिवारी का नाही आलीस? तर म्हणाली, "येकदा येऊ नको म्हनलं की समदे वार सारखेच, भाभी."

आजारपणाची रजा पगारासकट, हेही दोनदा वाचून घेतलं. गेल्या पावसाळ्यात तापात कामावर आली होती ती. मला म्हणाली होती, चुलीपाशी बसून अंग गरम झालंय. आणि मी ते खरं मानलं होतं.

सगळं वाचून झालं. मला वाटलं, आता हसेल, आता किल्ली मागेल. पण ती पदराचं टोक पिळत बसली आणि मग म्हणाली, "समदं बेस लिवलंय. पन भाभी, कागूद केला म्हंजे मंग मी आता घरची नाय का?"

  मी म्हटलं, "भागू, तू घरची असतीस तर मला तुझ्या घराचा रस्ता लोकांना विचारावा लागला नसता."

 ती उठून चहा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सोनालीनं चहा आणून दिला. निघताना भागू दारापर्यंत आली, कागद हातात होता, पण सही केली नव्हती. म्हणाली, "सोनाली निवांत वाचून दावल. मंग बगू." मी किल्ली नेली होती पर्समध्ये. काढायचा धीर झाला नाही.

आता बघू. येईल की नाही सांगता येत नाही. नाही आली तर मी तिला दोष देणार नाही. पण अल्मास, डंक तिच्यावाचून चालेल, माझं चालणार नाही, हे मला काल त्या अंगणात कळलं, आणि हे तिला सांगायचं मात्र राहून गेलं.

तुझी फुफी,
शरीफा

*

कडाव,
२८ एप्रिल २०२६

शरीफाभाभी यांस,

भागूबाईचा नमस्कार. हे मी बोलते नि सोनाली लिवते. ती म्हनते सुद्द लिवू का, मी म्हनले नको, भाभींना माज्या बोलन्याचीच सवय हाय.

तुमचा कागूद सोनालीनं तीन येळा वाचला. मी सही केली. अंगठा नाय, सही. सोनालीनं दोन दिस शिकवली. कागूद संगती धाडला हाय, तुमच्या भाचीला पोचता करा. पोरगी हुशार हाय, पन तिला सांगा, पाकिटं वाटत जाऊ नको. आमच्याकडं पाकीट दिसलं की मानसं जेवत नाय.

मी गुरवारी येते. किल्ली कोनाच्या हाती धाडू नका. खोबरं माज्या येईपातुर भाजू नका, कोंडीनं समदं सांगितलंय.

आता माजं एक काम हाय. तुमी मला कागूद दिलाव, आता मी तुमाला देते. तुमच्या भाचीनं समद्या बायकांना सुट्टी दिली, पन तुमाला दिली नाय. तुमच्यावर कोनी मालक नाय, मंग तुमाला सुट्टी कोन देनार? म्हून ती मी देते. सोनाली तुमच्या कागदावानी लिवते, वाचा.

नाव : शरीफा झहीर बुबेरे.

पत्ता : मला ठाऊक हाय.

कवापासनं : झहीरदादा गेले तवापासनं.

काम : दर शुक्रवारी जुम्मा झाला की कडावला यायचं. भाकरी खायाची नि शेवग्याखाली पडायचं. कांदाबी चिरायचा नाय. मी आजारी पडले तर येऊन बसायचं, तुमी पडलाव तर मला बलवायचं, लपवायचं नाय. तुमी मला ताप लपवल्याचं बोललाव नाय, पन तुमच्या तोंडावर दिसत व्हतं. माजंबी चुकलं. मी येऊन इचारायला पायजे व्हतं. मी रुसून बसले. घरचीच मानसं अशी रुसतात, भाभी.

सोनाली इचारते, आत्या, खाली कामावरनं काढायचं कलम असतंय, ते काय लिवू?

मी म्हनले, ते लिवू नको.

सही,
भागूबाई येसाजी भोईर